मेंदीच्या वईचं दुखणं

तुमी औषध इचारायला आलाव मास्तर, शाळेच्या कुंपनाला पांढरं पीठ लागलंय म्हनून, आन औषध मी सांगनार, न्हाय असं न्हाय, पन औषध सांगायला काय लागतं, दोन घटका न्हाय लागत, सांगून झालं की तुमी उठून जाल आन उद्या भर उन्हात लावाल आन झाड जाळून बसाल, जशी मी जाळून बसले, म्हनून पयलं ऐका. लिवून घ्यायचं तर घ्या, पन मदी मदी थांबवू नका मला, मला दम लागतो, एकदा थांबले की परत बोलायचा कंटाळा येतो.

मी मूळची हितली न्हाय. माज्या बापाचं घर भरडखोलला, सात भावंडांत मी शेवटची, म्हनून धाकली. नाव दुसरं काय तरी ठेवलं व्हतं बाराव्या दिवशी, पन ते कुनाला आठवत न्हाय, मलाबी न्हाय. हितं श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात दिली तवा मी अकरा वर्सांची, आन दादला माजा चांगला धट्टाकट्टा, मोठं दालदी जाळं एकटा ओढायचा. मंग एकदा दोरात हात आवळला, तीन बोटं गेली, उजव्या हाताची. हाताची बोटं गेली की कोळ्याचं काय ऱ्हातं सांगा. जाळं ओढवत न्हाय, वल्हं धरवत न्हाय. तवापासून तो दुसऱ्यांच्या होड्यांना तेल लावतो. मुशीचं तेल, मुशी म्हंजे तो दातवाला मासा, त्याच्या काळजाचं तेल काढतात, ते होडीच्या लाकडाला चोपडलं की लाकडाला किडा लागत न्हाय, पानी लागत न्हाय. आमच्या घरात पाऊल ठेवलं की वास येतो ना, तुमी मघाशी नाकाला उपरनं लावलंत ते मी बगितलं, तो वास त्या तेलाचा. मला तो येतच न्हाय आता.

तर दोन पोरी व्हत्या, त्या दिल्या, आपापल्या घरी हायत. मी मासळीची पाटी घेऊन मोहल्ल्यात जायची, मुसलमानांच्या घरी, ते लोक मासळीचे मोठे शौकीन, आन हलवा कुठला ताजा आन कुठला कालचा ते नुसतं बघून सांगतील, त्यांना फसवता येत न्हाय. हसनमियांचं घर मोहल्ल्याच्या टोकाला, जोतं उंच, मागं अंगन, अंगनात गोड्या पान्याची बाव, आन अंगनाला तीन बाजूंनी मेंदीची वई. तुमी कुंपन म्हनता, आमी वई म्हनतो. हसनमियांच्या आजीनं लावलेली म्हनत, मानसाच्या डोक्यावर गेलेली, आन येवढी दाट की कोंबडी त्या बाजूला जायची तर वळसा घालून जायची. मोहल्ल्यात कुनाचंबी लगीन असो, नवरीच्या हाताला पयली मूठ पाला त्या वईचा, बाकीचा कुठला का असंना. न्हाय तर मेंदी चढत न्हाय म्हनत. खरं खोटं अल्लाला ठावं.

माजे गुडघे धरले, पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरवेना, तवा हसनमियांची बायको, तिला सगळे मोठी बी म्हनत, ती म्हनली धाकली, तू हितंच काम कर, अंगन साफ कर, वई छाट, बावीवरची भांडी कर. गडीमानूस तिला चालत न्हवता, अंगनात बायका वावरायच्या, परदा पाळनारं घर. म्हनून ती वई माज्याकडं आली. मला झाडाचं काय ठावं व्हतं, मी कोळीन, मला पापलेटचं पोट ठावं. पन नारळाच्या बुडाला मासळीचं कुटं घालतात ते मी बगितलेलं, मंग मीबी मेंदीच्या बुडाला घालायची, जवळ्याचा चुरा, खवलं, आतडी, घरचं सगळं टोपलीत भरून न्यायची आन मुळाला पुरायची. वई अशी हिरवीगार झाली की मोठी बी म्हनायची, धाकलीच्या हाताला गुन हाय. मला लई बरं वाटायचं. कोन म्हनतं आपल्याला कवा बरं.

आता आमिनाचं सांगते, कारन सगळं तिच्यापायी झालं. हसनमियांच्या लेकाचं, युसुफचं, लगीन झालं म्हसळ्याकडच्या पोरीशी. ती आमिना. बापाची सुपारीची वाडी, पोर सगळी वाडीत वाढलेली, पाटाच्या पान्यात पाय सोडून बसायची सवय, आन हितं आली ती चार खोल्यांत. युसुफ आगबोटीवर खलाशी, लगनानंतर दोन महिने ऱ्हायला आन गेला तो दीड वर्सानं आला, परत गेला. तिला घरात कोंडल्यागत व्हायचं. म्हनायची, धाकलीबाय, छत खाली येतंय असं वाटतं. मंग ती अंगनात यायची. सकाळी तांदूळ वाळत घालायची, दुपारी केस धुवायची, आन मी पाला छाटत असले की माज्यामागं मागं, हे काय, ते काय, तुमच्याकडं बोंबील कसे सुकवता, दर्या जवळून कसा दिसतो. मी म्हनले अगं दर्या हाकेवर हाय तुज्या. म्हनली, हाकेवर हाय, पन डोळ्यांवर न्हाय. डोलीतून आले तवा पडदा व्हता. तर काय सांगू तुमाला, ते अंगन हेच तिचं सगळं व्हतं, तेवढं लक्षात ठेवा.

मंग त्या वर्षी वईला पीठ लागलं. पयलं म्हनलं कुनीतरी राख झाडली. बगते तर कापसावानी पांढरं, फांदीच्या बगलेत चिकटलेलं, बोटानं दाबलं की आत गुलाबी पानी. आन त्याच्यावर मुंग्या, तांबड्या, रांगाच्या रांगा, खालून वर, वरून खाली. खालच्या पानांवर काळी काजळी, चिकट. शेंडे वाळाय लागले. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या म्हनल्या नजर लागली, मोठ्या बीनं फुंकलेलं पानी शिंपडलं. मी म्हनले नजर कसली, झाड भुकेजलंय, आन मी कुटं वाढवलं. आदी एक टोपली घालायची ती दोन घालाय लागले. मुंग्यांची तर दिवाळी झाली मास्तर. आज कळतं, त्या कुट्याच्या वासानं मुंग्या आल्या, आन मुंग्याच ते पीठ हितून तितं नेत व्हत्या, पाळत व्हत्या त्याला. मी त्यांना जेवायला घालत व्हते.

आन मंग मी ते केलं. वैशाख व्हता, होड्या किनाऱ्यावर ओढायचे दिवस, दादला आमचा दिवसभर होड्यांना तेल चोपडत व्हता. मी त्याच्याकडं बगत बसले आन माज्या मनात आलं, होडीला किडा लागू नये म्हनून हे तेल, मेंदीलाबी किडाच लागलाय, मंग लाकूड काय आन झाड काय. दादल्याला इचारलं, तो म्हनला लाव की, होडी वीस वर्सं टिकते. त्याला काय अक्कल, आन मला तरी कुठली. होडीचं लाकूड मेलेलं असतं हे आमच्या दोघांच्याबी ध्यानात आलं न्हाय. मी एक डबा तेल नेलं, काथ्याचा कुंचा घेतला, आन तीन दिवस, भर दुपारी, बुडापासून शेंड्यापर्यंत पानन् पान चोपडून काढलं. आमिना डबा धरून मागं उभी. नाक धरून हसत व्हती, म्हनत व्हती, धाकलीबाय, आता ही वई पान्यात सोडली तर मुंबईला जाईल.

पाचव्या दिवशी पानं तपकिरी झाली, तळल्यासारखी. आठव्या दिवशी सगळा पाला खाली. सगळा. हितून तितपत्तुर नुसत्या काटक्या, आन काटक्यांतून पलीकडचा रस्ता लख्ख दिसतोय, बंदराचा रस्ता, मशिदीला जायचा तोच. त्याच सकाळी आमिना बावीवर केस मोकळे सोडून बसली व्हती, आन रस्त्यानं एक मानूस गेला. त्यानं बगितलं, लगेच मान खाली घातली, भला मानूस व्हता, पन बगायचं ते बगून झालं. हसनमियांच्या कानावर गेलं. ते मला एक शब्द बोलले न्हाय. बोलले असते तर बरं झालं असतं, मी कोळीन, मला शिव्या ऐकायची सवय. ते फक्त म्हनले, आजपासून अंगनात कुनी यायचं न्हाय. आन गवंड्याला बोलवनं धाडलं, चिऱ्याची भिंत घालायची, आठ हात उंच, तिन्ही बाजूंनी.

मी भांडी घासत व्हते तवा दाराच्या फटीतून आमिनाचा आवाज आला. धाकलीबाय, आठ हात म्हंजे किती गं. मी हात वर करून दाखवला, म्हनले याच्याहून चार हात वर. ती म्हनली, मंग वारा कुठनं येनार. मला रडायला आलं मास्तर. मी भांडी तशीच टाकली आन हसनमियां ओट्यावर बसले व्हते त्यांच्यासमोर जाऊन बसले, म्हनले मोठे मियां, मी जाळली, मी उगवून देते, एक वरीस द्या. ते म्हनले, मेली ती. मी एक काटकी मोडून दाखवली, बुडाकडची, आत हिरवी व्हती. त्यांनी ती काटकी बोटांत फिरवून बगितली. म्हनले, माझ्या आजीनं लावलेली हाय. पुढच्या वैशाखापर्यंत बघू, तवर न्हाय झाली तर चिरे आननार.

तवर परदा पायजे, म्हनून नारळाची झापं बांधली सगळीकडनं, बांबूला. आमिना परत बाहेर यायला लागली. मी कोयता घेतला आन सगळी वई गुडघ्याइतकी छाटली. शंभर वर्सांची म्हनतात ती वई, एकेक खोड माज्या मनगटायेवढं, आन मी कापतेय. पाला, फांद्या, सगळं वाळूवर नेऊन जाळलं. बुडातलं कुटं उकरून काढलं, खालची मुळं काळी, कुजलेली, कुबट, ती कापली, पान्याला वाट काढली. खोडं काथ्यानं घासली, एकेक. पन पाऊस लागला, कोंब आले, आन कोंबांबरोबर पीठ परत आलं. त्या दिवशी मी बावीवर बसले, म्हनले धाकली, तुज्याच्यानं न्हाय व्हनार, सांग गवंड्याला.

औषध असं गावलं. दादल्याचे तेलकट कपडे मी रिठ्याच्या पान्यात धुते, साबन कुठला आमाला. त्या दिवशी घरी पानी न्हवतं म्हनून मोठ्या बीला इचारून ते कपडे त्या बावीवर नेले. रिठे कुसकरले, कपडे चोळले, तेल न् रिठा मिळून पानी पांढरं झालं, दुधावानी, आन ते मी जवळच्या दोन खोडांवरनं बुडाला ओतलं. संध्याकाळची येळ व्हती. सकाळी येऊन बगते तर तेवढ्या दोन खोडांवरचं पीठ वितळून खाली आलेलं, मुंग्या मेलेल्या, आन कोंब तसेच, जळलेले न्हायत. मंग मी मोजून मापून केलं. लिवा आता, हे तुमाला पायजे. एक घागर पानी, त्यात मूठभर रिठे रात्रभर भिजत घालून कुसकरायचे, गाळायचं, त्यात एक वाटी तेल, वाटीच, जास्ती न्हाय, आन पांढरं व्हईस्तवर घुसळायचं. ऊन उतरल्यावर शिंपडायचं, पानांच्या खालून. आठव्या दिवशी परत. बुडाशी राख, मुंग्या चढू नयेत म्हनून. पावसात धुवून गेलं की परत. कंटाळा केला की गेलं, झाडाचं दुखनं आपल्या कंटाळ्याचीच वाट बगत असतं.

पीठ गेलं, पन कोंब वाढेनात. पिवळे, लांबट, मान टाकलेले. आन ते का ते मला ठावं व्हतं, पन मी बोलत न्हवते. झापांची सावली. झाडाला ऊन न्हाय, वारा न्हाय, ओल सुटत न्हाय. झापं ठेवली तर वई मरनार, झापं काढली तर आमिना आत. मी महिनाभर गप्प ऱ्हायले. शेवटी तीच म्हनली, धाकलीबाय, तू काय तरी गिळून बसलीस. मी सांगितलं. तिनं इचारलं, किती महिने. मी म्हनले छातीइतकी व्हायला एक वरीस, डोक्यावर जायला दोन. ती तांदूळ निवडत व्हती, ते सूप निवडून संपवलं, उठली, पदर झटकला, म्हनली, काढ झापं. आन आत गेली. मोठ्या बीला तिनंच सांगितलं, हसनमियांना मोठ्या बीनं. मी झापं काढली तवा अठरा वर्सांची पोर आत खिडकीशी बसलेली, आन मी बाहेर उन्हात. मला तिच्याकडं बगवेना.

ती दोन वर्सं कशी गेली ते मला इचारू नका. वैशाख आला तवा वई कमरेइतकी झाली व्हती, हसनमियांनी बगितली, चिऱ्यांचं नाव काढलं न्हाय. मी दर आठ दिवसांनी घागर घेऊन खिडकीखाली यायची, ती आतून बोलायची. त्या खिडकीला लाकडाचे गज, आत अंधार, बाहेरच्याला काय दिसत न्हाय. ती म्हनायची, आज तीन शिडं आलीत. आज आगबोट लई लांबनं गेली, थांबलीच न्हाय. आज पानी हिरवं हाय गं, काल मातकट व्हतं. मी म्हनायची हां हां, आन मान खाली घालून पानं पुसायची. मला वाटायचं पोर येळ घालवतेय. मदी युसुफ येऊन गेला, तिला मुलगी झाली, ती खिडकीत मुलीला घेऊन बसायची, तिलाबी शिडं दाखवायची.

आन झापं काढल्यावरचा दुसरा पाऊस सरला तवा वई डोक्यावर गेली मास्तर. दाट. हसनमियां बाहेरनं तिन्ही बाजूंनी फिरून आले, मदी वाकून वाकून बगितलं, म्हनले, धाकली, वई झाली. मोठ्या बीनं मला लुगडं दिलं. आमिना अंगनात आली, मुलगी कडेवर, बावीवर बसली, केस धुतले, हसली, माज्या गालाला हात लावला. मी घरी गेले आन दादल्याला म्हनले, आज मला जेवन नको, पोट भरलंय.

आठ दिवसांनी मी घागर घेऊन गेले तर अंगन मोकळं, तांदूळ एकटे वाळतायत, आन ती आत, खिडकीशी, उभी. मी म्हनले अगं बाहेर ये, आता कोन आडवतंय तुला. ती म्हनली, येते. आन येईना. मी आत गेले, तिच्या खांद्याशेजारनं ती बगत व्हती तसं मी बगितलं. नुसता हिरवा पाला. मंग मला कळलं. जवा वई जळली, तवा त्या खिडकीतनं पयल्यांदा तिला दर्या दिसला व्हता, बंदराच्या बाजूचा, आन दोन वर्सं तिनं तो रोज बगितला, त्याच दर्यावरनं युसुफ जायचा यायचा. आन मी घागरीमागनं घागरी वाहून, गुडघे मोडून, तो बुजवून टाकला. मी अंगन दिलं आन दर्या काढून घेतला. ती म्हनली, न्हाय न्हाय धाकलीबाय, असं म्हनू नको, तू लई केलंस, मी काय तक्रार न्हाय करत. ती तक्रार करत न्हवती मास्तर, तेच मला सोसलं न्हाय.

दादला म्हनला दोन्ही कुनाला मिळतं, सोड. त्याचं खरं हाय. पन पुढच्या छाटनीला मी कोयता घेतला आन खिडकीच्या समोरची, त्या खाजनाकडच्या कोपऱ्यातली, दोन हात रुंद जागा कमरेइतकी कापली. त्या बाजूला खाली चिखल हाय, खारफुटी हाय, तितनं कुनी जात न्हाय येत न्हाय, जोतं उंच म्हनून खिडकीतनं वरनं पानी दिसतं. हसनमियांनी बगितलं, इचारलं, हे काय. मी म्हनले, तितं मुळाला रोग हाय मोठे मियां, वाढत न्हाय. ते म्हनले, तेवढ्याला चिरे लावू. मी म्हनले, पाया खनला तर बाजूची मुळं तुटतील, सगळी वई परत जाईल. आयुष्यात त्यांच्याशी मी येवढं एकच खोटं बोलले. ते माज्याकडं बगत ऱ्हायले, मंग खिडकीकडं बगितलं, आन नमाजाची येळ झाली म्हनून गेले. परत कवा इचारलं न्हाय.

आता चार वर्सं झाली. दर महिन्याला मी जाते, बाकीची वई सांभाळते, आन तेवढी जागा कापते. माजं वय झालं, घागर उचलत न्हाय, अर्धी भरून नेते. कोळीवाड्यात बायका म्हनतात, धाकलीनं सगळी जगवली, पन तेवढा तुकडा तिला जमला न्हाय, मोठी वैदीन झालीय. तुमीबी येताना लांबनं तेच बगून आलाव, मघाशी दारातच इचारलंत, तितं काय झालं म्हनून. हे जे आता सांगितलं ते मोठे मियां हायत तवर कुनाला वाचून दाखवू नका, तुमाला तुमच्या पोरांची शप्पत हाय. आमिनाला अल्ला सुखी ठेवो, तिची पोर मोठी व्हवो, युसुफ धडधाकट परत येवो, माजं काय, माजं झालं. तुमी तुमच्या शाळेच्या वईला वाटीभरच तेल घाला, ऊन उतरल्यावर. आन त्या तुकड्याचं कुनी इचारलं तर म्हना, तितं धाकलीचं औषध लागू पडलं न्हाय.